चौसष्टावी ओळ

३ मार्च, मंगळवार

वही उघडली आहे, कारण कुणाशी तरी बोलले नाही तर माझं डोकं फुटेल. यांच्याशी बोलावं, तर हे ऐकता ऐकता शब्दकोडं सोडवतात.

आज लॅबमध्ये कॉम्प्युटरच्या कामाला नवी आली. पस्तिशीची असेल. केस बारीक कापलेले, पायात आवाज न करणारे बूट. मागे येऊन कधी उभी राहते ते कळत नाही. या हॉस्पिटलच्या लॅबचा सर्व्हर चौदा वर्षं मी एकटी सांभाळते आहे. दोनशे खाटा. रक्ताचा, लघवीचा, थुंकीचा जो काही रिपोर्ट वॉर्डात जातो, तो माझ्या काचेच्या खोलीतल्या त्या एका डब्यातून जातो. आणि ही बाई पहिल्याच दिवशी विचारते, "ताई, या मशीनवर आजवर काय काय टाकलंय त्याची यादी कुठे आहे?"

मी कपाळावर बोट ठेवलं. "इथे."

टेक्निशियन हसले. ती हसली नाही. वहीत काहीतरी लिहून घेतलं तिने. काय लिहिलं असेल, याचाच विचार करत दुपार गेली.

मग मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. मॅडम म्हणजे लॅबच्या प्रमुख, स्वभावाने बऱ्या, फक्त बोलतात फार भरभर. म्हणाल्या, "दोन आठवड्यांनी नवा सर्व्हर येतोय. जुन्यावरचं सगळं तिकडे न्यायचं, तर आधी मॅनिफेस्ट फाइल हवी. दोघी मिळून बसा. एकदा ती यादी झाली ना ताई, की तुम्ही मोकळ्या!"

मोकळ्या. वर हसल्या. तळघरातल्या रेकॉर्डरूममध्ये एक जागा महिनाभर रिकामी आहे, हे मला काय ठाऊक नाही?

घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, "मोकळी म्हणजे मोकळी. त्यात एवढं काय?" आणि कोड्यात चार अक्षरं भरली.

४ मार्च, बुधवार

मॅनिफेस्ट म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, साधी मजकुराची फाइल. एका ओळीत एक पॅकेज, म्हणजे एकेक तयार प्रोग्रॅम. आधी नाव, मग कितवी आवृत्ती, मग ते कशासाठी आहे. ही फाइल नव्या मशीनला दिली की ते एकेक ओळ वाचतं आणि सगळं आपलं आपण बसवून घेतं. शिवाय यादीत नसलेलं काही मशीनवर सापडलं तर ते काढूनही टाकतं. हे दुसरं नवी फार कौतुकाने सांगत होती.

तिने एक कमांड दिली आणि मशीनने भराभरा नावं ओकली. चारशे बारा. मला धक्काच बसला, एवढं मी कधी टाकलं? नवी म्हणाली, "तुम्ही मागवलेली त्रेसष्टच आहेत ताई. बाकीची त्यांच्यासोबत आलीत." म्हणजे एकाला जेवायला बोलवायचं आणि त्याने चुलत, मावस, सगळा गोतावळा घेऊन दारात उभं राहायचं. तिला हे सांगितल्यावर ती पहिल्यांदा हसली. दात छान आहेत तिचे. उगाच नाही हसत.

आपल्याला फक्त त्रेसष्टच लिहायची आहेत. बाकीचे आपोआप येतात.

६ मार्च, शुक्रवार

'कशासाठी' हा रकाना माझा जीव घेणार. नाव आणि आवृत्ती मशीन सांगतं. कारण मात्र मलाच सांगावं लागतं, आणि नवीला 'लागतं म्हणून' चालत नाही.

"हे छपाईचं पॅकेज कशासाठी?"

"बालरोगच्या वॉर्डातला प्रिंटर हट्टी आहे म्हणून."

"आणि हे?"

"आधीच्या मोठ्या डॉक्टरांना रिपोर्टवर तारखेच्या आधी वार हवा होता. ते गेले, वार राहिला."

तीसपर्यंत आलो. एकेक ओळ म्हणजे माझं एकेक वर्ष बाहेर निघत होतं आणि ती ते दोन-तीन शब्दांत बसवत होती. मग एकतिसावं आलं. पत्त्यांचा खेळ. एकट्याने खेळायचा.

मी म्हटलं, "करमणूक." ती म्हणाली, "काढू या ना?" मी म्हटलं, "काढ." नऊ वर्षांपूर्वी लेक शिकायला बाहेरगावी गेली त्या आठवड्यात मी तो टाकला होता. जेवणाच्या सुट्टीत खेळायचे, कारण त्या वेळी तिचा फोन यायचा आणि आता येत नव्हता. दोन शब्दांत हे काय लिहिणार?

तिने गोतावळ्यातलं एक कामाचं पॅकेज वर आणून एकतिसावं केलं, म्हणजे त्रेसष्ट ती त्रेसष्टच राहिली. हरकत नाही.

९ मार्च, सोमवार

लेकीचा फोन आला होता. यांना. मी भांडी लावत होते, ऐकू येत होतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली बाळंतपणाची तारीख दिली आहे डॉक्टरांनी. तिकडे विहीणबाई दोन महिन्यांपासून येऊन राहिल्या आहेत. हे म्हणाले, "आईला देऊ?" तिकडून काहीतरी उत्तर आलं. हे म्हणाले, "बरं बरं, झोप तू."

फोन ठेवून म्हणाले, "या वेळी तरी आपण वेळेवर जाऊ."

'या वेळी तरी.' दोन वर्षांपूर्वी तिचा तिसऱ्या महिन्यात गर्भ गेला, तेव्हा मी चौथ्या दिवशी पोचले. डिस्क गेली होती सर्व्हरची. बॅकअप चढवायला मीच हवी होते, दुसरं कोण होतं? तीन दिवस खुर्चीवर बसून काढले मी. हे कुणी लक्षात घेत नाही. मी दारात पोचले तेव्हा लेक म्हणाली, "आता कशाला आलीस?" पण रागाने नाही म्हणाली, खरंच विचारल्यासारखी म्हणाली. तेच जास्त लागलं.

१० मार्च, मंगळवार

आज एक गोष्ट ध्यानात आली.

नवजात बाळांच्या काविळीसाठी आमच्याकडे एक जुनं यंत्र आहे. नवी यंत्रं नळीभर रक्त मागतात, याला टाचेतला एक थेंब पुरतो. ते इतकं जुनं आहे की त्याची भाषा रिपोर्टच्या प्रोग्रॅमला समजत नाही. यंत्र बनवणारी कंपनी बंद पडली तेव्हा त्यांच्या माणसाने जाता जाता मला एक डिस्क दिली होती. त्यावर एक लहानसा प्रोग्रॅम होता. एका बाजूने यंत्राचं ऐकतो, दुसऱ्या बाजूला रिपोर्टला समजेल असं सांगतो. मी त्याला दुभाषी म्हणते.

तर हा दुभाषी पॅकेज म्हणून आलाच नव्हता. मी तो माझ्या हाताने एका कोपऱ्यात ठेवून दिला होता. म्हणून मशीनने ओकलेल्या चारशे बारांमध्ये तो नाही. त्रेसष्टांमध्येही नाही. मॅनिफेस्टला तो दिसतच नाही.

मी नवीला सांगायला उठले. मग बसले.

यादीला जे दिसत नाही ते मी का सांगू? विचारतील तेव्हा सांगेन. बदलाच्या दिवशी यंत्र मुकं होईल, पाच मिनिटांत माझा फोन वाजेल, मी जाऊन दोन मिनिटांत चालू करेन. मग बघू कोण कुणाला मोकळं करतंय ते.

हे लिहून काढलं आणि वाचलं. वाईट दिसतंय. खोडणार नाही.

१३ मार्च, शुक्रवार

त्रेसष्ट ओळी पूर्ण. नवीने दोन कप कॉफी आणली, एक माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "अजून काही राहिलं का ताई?"

"नाही."

ती जुन्या सर्व्हरवर काय काय चालू आहे ते बघत बसली होती सकाळपासून. डोळे लाल झाले होते. नवीन माणसाला उत्साह असतो.

१७ मार्च, मंगळवार

स्वस्थता नाही. उगाच उठते, उगाच पाणी पिते. खुर्ची टोचते. काल मूठभर तांदूळ निवडायला घेतले आणि निवडलेलेच परत निवडले.

नवीने आज पुन्हा विचारलं, "बाळांच्या यंत्राचं काही वेगळं करावं लागतं का ताई? तुम्हाला आठवतंय काही?" मी म्हटलं, "ते आपलं आपण चालतं." ती म्हणाली, "आठवलं तर सांगा. घाई नाही."

विसरभोळी आहे. तेच तेच विचारते.

१९ मार्च, गुरुवार

नवा सर्व्हर आला. एवढासा! जुना डबा कपाटाएवढा आणि हा पिझ्झाच्या खोक्याएवढा. नवीने मॅनिफेस्ट फाइल दिली आणि आम्ही दोघी बघत उभ्या राहिलो. एकेक ओळ हिरवी होत गेली. चौदा वर्षं मी जे एकेक करून रचलं ते एकोणीस मिनिटांत उभं राहिलं. मोठ्या यंत्रांचे नमुने घालून पाहिले, सगळे रिपोर्ट बरोबर आले. बाळांच्या छोट्या यंत्राची केबल रविवारी लावायची, ते वॉर्डाला रोज लागतं.

मॅडम टाळ्या वाजवत आल्या. मलाही वाजवाव्या लागल्या.

घरी आले तर हे म्हणाले, "पंचवीसची तिकिटं काढली. दोन."

"मला विचारलंत?"

"विचारलं असतं तर एकच निघालं असतं."

त्यांनी बॅगही भरली आहे. सहा दिवस आधी. माझीही. माझे कोणते कपडे घेतले ते बघितलं, तर नेमके बरोबर घेतलेत. मला त्याचाही राग आला.

२१ मार्च, शनिवार

उद्या सकाळी बदल. रविवार असतो, ओपीडी बंद, वॉर्ड तेवढे चालू.

मॅडमनी सांगितलं, "ताई, तुम्ही उद्या यायचं नाही. ऑर्डर समजा." म्हणजे बघा. माझ्या सर्व्हरचा शेवटचा दिवस आणि मलाच बंदी.

निघताना नवीने फाइल उघडून दाखवली, एकदा नजर घाला म्हणाली. त्रेसष्ट ओळी आणि खाली चौसष्टावी रिकामीच. नुसता आकडा, पुढे काही नाही. मी म्हटलं, "ही जास्तीची राहिली का?" ती म्हणाली, "असू दे. अजून काही राहिलं असेल तर." आणि माझ्याकडे बघत राहिली. मी पर्स उचलली. एवढं शिकलेल्या पोरींना साधं मोजता येत नाही.

२२ मार्च, रविवार

सगळं जसं झालं तसं लिहिते.

यांना सांगितलं, बाळासाठी दुपटी घ्यायला जाते. गेले ती थेट हॉस्पिटलसमोरच्या कॅन्टीनमध्ये. नऊला खिडकीजवळ बसले. चहा मागवला, फोन समोर उताणा ठेवला. साडेनऊला बदल होणार होता. पावणेदहापर्यंत फोन यायला हवा.

पावणेदहा झाले. दहा झाले. मी दोनदा फोन उचलून रेंज आहे का बघितली. सव्वादहाला माझा हिशेब झाला की वॉर्डातून अजून नमुनाच आला नसेल. साडेदहाला दुसरा चहा घेतला. मनात सगळं रचून ठेवलं होतं, कशी धावत जाईन, कशी म्हणेन, "बाजूला व्हा जरा." फोन मात्र थंड.

अकराला एक माणूस समोरच्या खुर्चीवर बसला. रंगारी होता, नखांत पांढरा रंग. "इथे बसू का?" म्हणाला आणि बसलाच. चहा आला तरी कपाला हात लावेना. मीच विचारलं, "कुणी ॲडमिट आहे?"

"बाळ. चार दिवसांचं. पिवळं पडलंय हो." त्याने स्वतःचा तळहात उलटा करून दाखवला, जणू त्यावर बाळाचा रंग होता. "सकाळी पावणेदहाला टाचेतून रक्त घेतलं. रिपोर्ट येतोच म्हणाले. वॉर्डातल्या सिस्टर दोनदा विचारून आल्या. लॅब म्हणते तपासणी चालू आहे. आता म्हणतात तो आकडा पुसला गेला, मशीनवर दुसरा नमुना लावला गेला म्हणून. परत टोचायचं."

मी माझा कप बाजूला सरकवला.

"एवढीशी टाच असते," तो म्हणाला आणि अंगठ्याच्या पेराने माप दाखवलं. "बायकोने मला बाहेर काढलं. म्हणाली, तू रडतोस, तू जा."

मी उठले. खुर्ची पडली बहुतेक. रस्ता कसा ओलांडला ते आठवत नाही.

लॅबमध्ये नवी टेबलाखाली केबल चाचपत होती. टेक्निशियन यंत्रापाशी, हातात कागद. नुकताच दुसरा थेंब लावला होता आणि यंत्राच्या छोट्या पडद्यावर आकडा दिसताच तो हाताने लिहून घेत होता. लिहिला आणि जिन्याकडे धावला. आकडा हवा त्याहून बराच वर होता.

नवी टेबलाखालून बाहेर आली. मला बघून तिचा चेहरा पडला. "तुम्हाला कुणी फोन केला? मी सगळ्यांना बजावलं होतं, काहीही झालं तरी ताईंना करायचा नाही. चौदा वर्षांत एक रविवार..."

म्हणजे सगळे माझी सुट्टी सांभाळत होते. मी पलीकडे चहा पीत बसले होते आणि इकडे हे माझी सुट्टी सांभाळत होते.

जुना सर्व्हर चालू केला, दुभाषी उचलून नव्यावर ठेवला, केबल जोडली. सात मिनिटं लागली. पासवर्ड तीनदा चुकला. तेवढ्यात टेक्निशियन परत आला, बाळाला काविळीच्या निळ्या दिव्याखाली ठेवलं म्हणाला. उशीर झाला पण धोका नाही, असं डॉक्टर म्हणाले.

"काय राहिलं होतं ताई?" नवीने विचारलं.

"विसरले मी. एक छोटा प्रोग्रॅम होता."

विसरले म्हणाले. विसरले नव्हते.

ती म्हणाली, "होतं असं." तिने फाइल उघडली. चौसष्टावी ओळ तशीच रिकामी होती. "इथे लिहा," म्हणाली. बरं झालं, चुकून एक ओळ जास्तीची राहिली होती.

दुपटी न घेता घरी आले. यांनी विचारलं नाही. मी जेवले नाही.

२३ मार्च, सोमवार

सकाळी नवी आणि मी दुभाष्याचं रीतसर पॅकेज बांधलं. आता त्याला नाव आहे, आवृत्ती आहे, यादीत जागा आहे. 'कशासाठी' मध्ये मी लिहिलं: नवजात बाळांच्या काविळीचा रिपोर्ट वॉर्डात पोचण्यासाठी. इतकं सरळ वाक्य होतं ते, तेरा दिवस माझ्या घशात अडकलेलं.

मग चूक-नोंदीचा फॉर्म. लॅबमध्ये काही बिघडलं की तो भरावाच लागतो. कारणाच्या जागी तीन चौकटी असतात: तांत्रिक, विस्मरण, इतर. नवीने तो माझ्यापुढे ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली, पाठ करून. मी पेन विस्मरणावर नेलं. ते माप डोळ्यासमोर आलं, अंगठ्याच्या पेराचं. मी 'इतर' वर खूण केली आणि पुढे लिहिलं, 'मुद्दाम सांगितलं नाही.' सही केली.

नवीला म्हटलं, "मी विसरले नव्हते."

ती वळली नाही. "हो," एवढंच म्हणाली. चांगली आहे पोर, लगेच विश्वास ठेवते.

मॅडमनी फॉर्म वाचला. दोनदा वाचला. मी रेकॉर्डरूमची तयारी ठेवून उभी होते. त्या म्हणाल्या, "का पण?"

"तुम्ही म्हणालात, यादी झाली की मी मोकळी."

"अहो, मोकळ्या म्हणजे सुट्टीला मोकळ्या! तुमची लेक... तुमचे मिस्टर जानेवारीपासून मला फोन करतायत, हिला सोडा म्हणून." मग त्यांचा आवाज बदलला. "बाळाला दोनदा टोचलं गेलं. याबद्दल बोलावं लागेल, ताई. वर कळवावं लागेल. तुम्ही परत आल्यावर. आता जा."

काय होईल ते होईल. केबिनबाहेर आले आणि मला रडू आलं. ते कशाचं होतं ते मी अजून ठरवलेलं नाही.

२७ मार्च, शुक्रवार

लेकीकडे आहोत. पोट खूप मोठं दिसतं तिचं, पाय सुजलेत. माझ्याशी चांगलं वागते. फार चांगलं. मला पाहुण्यांचा टॉवेल काढून दिला, चहात साखर किती विचारलं. विहीणबाई तिच्या पायाला तेल लावतात आणि ती पेपर वाचत पाय पुढे करते, न विचारता. मी बघत बसते.

तीन दिवसांत लॅबचा एकही फोन नाही. आज मीच केला. टेक्निशियन म्हणाला, "सगळं ठीक आहे ताई. तुम्ही कशा आहात?" फोन ठेवला आणि घरभर फिरले. हे म्हणाले, "बस की जरा." बसता येत नाही.

३० मार्च, सोमवार

लेकीला विचारलं, तेल मी लावू का? ती म्हणाली, "राहू दे, आईंना सवय झालीय." आई म्हणजे त्या. मग मला बोचेल असं वाटून म्हणाली, "तू दमशील."

लिहून ठेवते, उद्या खोटं बोलायला नको: मला हेवा वाटला. बारीकसा नाही, चांगला मोठा.

२ एप्रिल, गुरुवार

आज पहाटे कळा सुरू झाल्या. सगळे मिळून प्रसूतिगृहात पोचलो तेव्हा उजाडलं होतं. लेकीला आत घेतलं. मी तिची पिशवी उचलून मागोमाग निघाले तर नर्सने दारात अडवलं. हातात फॉर्म होता.

"तुम्ही कोण?"

"आई."

तिने फॉर्मवरून बोट फिरवलं. "सोबत दोघांनाच सोडतो. मिस्टर आणि सासूबाई. तुमचं नाव नाही इथे."

मी म्हटलं, असं कसं, नीट बघा. तिने फॉर्म माझ्याकडे फिरवला. लेकीचंच अक्षर. चौथ्या महिन्यात भरलेला, तारीख होती. नवी सांगायची, यादीत नाही ते मशीनसाठी नाहीच.

दार उघडंच होतं. लेकीने ऐकलं. कळ ओसरल्यावर आतून म्हणाली, "आई, तेव्हा मला वाटलं नव्हतं तू येशील."

म्हटलं, "बरोबर केलंस." पिशवी नर्सकडे दिली आणि बाकावर जाऊन बसले. हे शेजारी येऊन बसले. शब्दकोडं आणलं होतं, पण उघडलं नाही.

दहा, अकरा, एक. जावई मधे एकदा पाणी प्यायला आले, ओठ पांढरे. तीनच्या सुमाराला विहीणबाई बाहेर आल्या. अंगावरचा हिरवा गाऊन सोडायला लागल्या आणि मला म्हणाल्या, "घाला हा. माझ्या कमरेचा काटा ढिला झालाय."

"तिला विचारलंत?"

"विचारलं. हो म्हणाली नाही. नाही पण म्हणाली नाही. जा आता, बोलत काय बसलाय?"

गाऊनच्या नाड्या मला बांधता येईनात, त्यांनीच बांधल्या. आत गेले. लेकीचे केस कपाळाला चिकटले होते. तिने माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग परत माझ्याकडे.

"किती वेळ आहेस?"

"तू जा म्हणेपर्यंत."

कळ आली तसं तिने माझं मनगट धरलं. तिच्या हातात एवढी ताकद आहे हे मला माहीत नव्हतं. मला तिच्याबद्दल काय माहीत आहे, असाही विचार आला, आणि तो विचार पुरा करायला वेळ मिळाला नाही.

मधेच नर्स फॉर्म घेऊन आली. म्हणाली, "माणूस बदललं, तर इथे आईंचं नाव घालावं लागेल. सही करता का?"

लेकीने डोळे मिटूनच मान हलवली. "लिहायचं कशाला? ती इथे आहे."

पाच वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. फॉर्मवर माझं नाव शेवटपर्यंत लिहावं लागलं नाही.